मज्जारज्जूची दुखापत आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग : घरी गेल्यानंतरची शुश्रूषा

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून मी दरवर्षी जमाखर्च सादर करतो. या वर्षी अध्यक्ष महोदयांनी एका विषयावर बोलण्याची आज्ञा केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. जे वैद्यकीय ज्ञान मी आपल्यापुढे ठेवणार आहे ते आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे. त्याला जोडून हिशेबाच्या वहीने मला जे शिकविले तेही निवेदन करणार आहे.

विषय थोडा संकोचाचा आहे. लघवीविषयी चारचौघांत बोलण्याची आपली रीत नाही. घरातही सून सासऱ्याशी, भाऊ बहिणीशी हा विषय काढीत नाही. परंतु मज्जारज्जूला दुखापत झालेल्या माणसाच्या बाबतीत या संकोचाची किंमत त्याच्या मूत्रपिंडांना मोजावी लागते. म्हणून आज आपण तो बाजूला ठेवू या.

दुखापत कोणाला होते

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटींहून अधिक माणसे मज्जारज्जूच्या दुखापतीसह जगत आहेत. दरवर्षी ५ सप्टेंबर हा दिवस त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. आकडा मोठा आहे. पण आपल्या मनवेलपाड्यात, फुलपाड्यात किंवा वसईच्या किनारपट्टीवरील गावांत ही दुखापत कशी होते हे सांगण्यास आकड्यांची गरज नाही. नव्या इमारतीच्या परांचीवरून गवंडी पडतो. भरलेल्या लोकलच्या दारातून तरुणाचा हात सुटतो. ताडामाडावर चढणाऱ्याचा पाय निसटतो. महामार्गावर दुचाकी घसरते. पडणारा बहुतेक वेळा तरुण असतो, कमावता असतो, आणि त्याच्या कमाईवर चार-पाच माणसांचे घर चालत असते.

मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली जाणारी मज्जातंतूंची जी जाड दोरी, तिला मज्जारज्जू म्हणतात. ती चेपली वा तुटली की त्या जागेखालच्या अवयवांचा मेंदूशी संबंध खंडित होतो. पाय हलत नाहीत, हे सर्वांना दिसते. नातेवाईकांचा पहिला प्रश्नही तोच असतो, “हा चालेल का?” पायांइतकाच, किंबहुना आयुष्याच्या दृष्टीने त्याहून मोठा बिघाड डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी झालेला असतो. तो म्हणजे मूत्राशयाचा.

मूत्राशयात काय घडते

निरोगी माणसाचे मूत्राशय भरत आले की मेंदूला निरोप जातो, आणि सोय पाहून मेंदू ते रिकामे करण्याची आज्ञा देतो. मज्जारज्जूची दुखापत झाल्यावर हा निरोपही जात नाही आणि आज्ञाही येत नाही. काहींचे मूत्राशय सैल पडून नुसते भरत राहते. काहींचे मूत्राशय आपल्या आपण आवळते. पण त्याच वेळी खालचे दारही आवळले जाते, त्यामुळे लघवी अर्धवट बाहेर येते आणि बाकीची आत साचते.

साचलेले पाणी आणि वाहते पाणी यांतील फरक आपल्याला ठाऊक आहे. साचलेल्या लघवीत जंतूंची वाढ होते. आतला दाब वाढला की हीच लघवी उलट्या दिशेने मूत्रपिंडांकडे ढकलली जाते. वारंवार संसर्ग, त्यातून मुतखडे, खड्यांमुळे पुन्हा संसर्ग, आणि शेवटी मूत्रपिंडे निकामी होणे, असा हा क्रम आहे. तो एका रात्रीत घडत नाही. वर्षानुवर्षे, बहुधा काहीही न दुखता, तो पुढे सरकत असतो. कारण दुखण्याची जाणीव पोहोचविणारी वाटच तुटलेली असते.

इतिहास काय सांगतो

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला दुखापत झालेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत. गोळीच्या जखमेतून जे वाचत ते मूत्रमार्गाच्या संसर्गाने आणि पाठीवर पडणाऱ्या शय्याव्रणांनी जात. अशा रुग्णांसाठी काही करण्यासारखे नाही, अशीच त्या काळातील अनेक वैद्यांची समजूत होती.

ही समजूत मोडून काढण्याचे श्रेय डॉ. लुडविग गुटमन यांना दिले जाते. जर्मनीतून आश्रयास आलेल्या या डॉक्टरांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. रुग्णाला ठरावीक वेळी कुशीवर वळविणे, मूत्राशय काळजीपूर्वक रिकामे ठेवणे आणि त्याला कामाला व खेळाला लावणे, ही त्यांची त्रिसूत्री होती. त्यांनी १९४८ साली रुग्णांसाठी भरविलेल्या क्रीडास्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिकचा जन्म झाला. आपल्या महाराष्ट्राचे सुपुत्र श्री. मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले, आणि २०१८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. कमरेखाली दुखापत झालेल्या माणसाचे आयुष्य संपत नाही, हे सांगण्यास याहून मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आपल्या राज्यात या कार्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. पुण्याजवळ खडकी येथे जायबंदी जवानांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. डॉ. केतना मेहता यांनी २००१ साली मुंबईत सुरू केलेली नीना फाउंडेशन ही संस्था मज्जारज्जूच्या रुग्णांमध्ये जागृतीचे काम करीत आली आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९७२ हे आहे. त्या वर्षी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लापिडस यांनी एक साधी पण क्रांतिकारक गोष्ट मांडली. तोवर अशी समजूत होती की मूत्राशयात नळी घालायची ती पूर्ण निर्जंतुक पद्धतीनेच, म्हणजे जवळजवळ शस्त्रक्रियागृहाच्या शिस्तीने. लापिडस म्हणाले की मूत्राशय फार ताणले गेले की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिची जंतूंशी लढण्याची शक्ती घटते. म्हणून ते वेळच्या वेळी रिकामे होणे हे संपूर्ण निर्जंतुकतेपेक्षा अधिक मोलाचे आहे. स्वच्छ धुतलेल्या हातांनी, स्वच्छ नळीने, रुग्णाने स्वतःच दिवसातून अनेक वेळा मूत्राशय रिकामे करावे, अशी ही पद्धत. तिला आज जगभर स्वच्छ अधूनमधून कॅथेटर पद्धत म्हणून मान्यता आहे.

ज्या देशांत ही पद्धत रुजली आणि रुग्णांची नियमित तपासणी होत राहिली, तेथे चित्र पालटले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अशा रुग्णांच्या मृत्यूचे पहिले कारण मूत्रपिंडे निकामी होणे हे होते. पुढे ते मागे पडले. हा पालट एखाद्या महागड्या यंत्राने घडवलेला नाही. साबण, पाणी, साधी नळी आणि घड्याळ यांनी तो घडवला.

घरातील व्यवहार

आता आपल्या परिसराकडे वळतो. रुग्णालयातून घरी गेल्यावर या पद्धतीचे काय होते?

सर्वसाधारणपणे दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते, आणि एका वेळी साठणारी लघवी पाचशे मिलिलिटरच्या आत राहावी असा प्रयत्न असतो. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे पाच माणसे राहतात, तेथे दिवसातून पाच वेळा आडोसा कोठून आणावा? पाणी ठरावीक वेळी येते, नाहीतर टँकरची वाट पाहावी लागते. तेथे प्रत्येक वेळी हात धुण्यास पाणी राखून ठेवावे लागते. सार्वजनिक शौचालयाला दोन पायऱ्या असल्या तरी चाकाची खुर्ची तेथेच थांबते. पत्नी सकाळच्या लोकलने कामाला गेली की संध्याकाळी परतेपर्यंत रुग्णाचे हात चालत नसतील तर दुपारची नळी कोण घालणार?

मग घरोघरी दोन पळवाटा निघतात. पहिली म्हणजे पाणी कमी पिणे. ओले होण्याची लाज वाटते, कपडे धुणाऱ्या पत्नीची कीव येते, म्हणून रुग्ण तहान मारतो. वैशाखाच्या उकाड्यातही दोन पेल्यांवर दिवस काढणारे रुग्ण आमच्या परिचारिकांनी पाहिले आहेत. लघवी घट्ट होते, जंतू धुऊन निघत नाहीत आणि खड्यांना आमंत्रण मिळते. दुसरी पळवाट म्हणजे कायमची नळी व पिशवी. १९३० च्या दशकात डॉ. फ्रेडरिक फोली यांनी प्रचारात आणलेली फुग्याची नळी काही रुग्णांना आवश्यकच असते, आणि डॉक्टरांनी ठरविली असेल तर ती लावण्यात काही गैर नाही. परंतु केवळ सोय म्हणून ती राहिली, वेळेवर बदलली गेली नाही, तर तिच्यावर जंतूंचा थर जमतो.

आमच्या पुरुष विभागात दाखल झालेल्या एका गवंड्याची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही. परांचीवरून पडून कमरेखालचा भाग गेला. शस्त्रक्रिया दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात उत्तम झाली. घरी गेल्यावर थंडी वाजून ताप येऊ लागला. जवळच्या दुकानातून गोळ्या आणायच्या, ताप उतरला की थांबवायच्या, पुन्हा ताप आला की त्याच गोळ्या आणायच्या, असे चालले होते. आमच्याकडे आला तेव्हा नेहमीची प्रतिजैविके त्याच्या जंतूंवर चालत नव्हती आणि शिरेतून महागडी इंजेक्शने द्यावी लागली. परिचारिकेने विचारले, “नळी कितव्यांदा वापरता?” त्याची पत्नी म्हणाली, “ताई, दवाखान्यातून निघताना दोन दिल्या होत्या. त्यातलीच एक चालू आहे.” तिने काही चूक केली असे मी म्हणणार नाही. तिला जे दिले गेले ते तिने जपून वापरले होते. पुढे काय, हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते.

कुटुंबीयांनी काय लक्षात ठेवावे

आमच्या डॉक्टरांनी आवर्जून सांगावयास दिलेल्या काही गोष्टी आता निवेदन करतो. हा अहवाल घरी नेऊन हे पान वेगळे काढून ठेवावे, ही विनंती.

नळीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. नळीची वेळ भुकेसारखी पाळावी. घड्याळाचा गजर लावावा. पाणी किती प्यावे हे डॉक्टर ठरवून देतील. ते दिवसभरात विभागून प्यावे, एकदम नव्हे. नळीच्या वेष्टनावर एकदाच वापरण्याची सूचना असते. ती पाळणे परवडत नसेल तर आपल्या मनाने मार्ग न काढता आमच्या परिचारिकांना विचारावे.

कायमची नळी असेल तर ती डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला बदलावी. सर्वसाधारणपणे तीन ते चार आठवड्यांनी ती बदलतात. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर असावी, पण जमिनीला टेकू नये. रिक्षात बसविताना ती मांडीवर वा पोटावर ठेवण्याची सवय पुष्कळांना आहे. तसे केल्यास पिशवीतील लघवी उलटी आत जाऊ शकते. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रकार डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नये. त्याने मूत्रपिंडांकडे दाब जातो.

जळजळ ही संसर्गाची नेहमीची खूण या रुग्णांना बहुधा जाणवत नाही. त्यांच्या खुणा वेगळ्या असतात. थंडी वाजून ताप येणे, पायांचे झटके वा ताठरपणा एकाएकी वाढणे, दोन वेळांच्या मध्ये लघवी गळू लागणे, अंगात त्राण नसणे, लघवीत रक्त दिसणे, या खुणा दिसल्या की त्याच दिवशी दाखवावे.

एक धोका विशेष सांगतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर दुखापत असेल तर मूत्राशय तुंबल्याने रक्तदाब एकाएकी भयंकर चढू शकतो. डोके फुटल्यासारखे दुखते, चेहरा लाल होतो, दुखापतीच्या वरच्या भागात दरदरून घाम सुटतो. अशा वेळी रुग्णाला आडवे न करता ताठ बसवावे, कपडे व पट्टे सैल करावेत, नळी कोठे दुमडली वा तुंबली आहे का ते पाहावे, नियमित नळी घालणाऱ्याचे मूत्राशय रिकामे करावे आणि विलंब न लावता रुग्णालयात आणावे. ही तातडीची अवस्था आहे. डोकेदुखीची गोळी देऊन वाट पाहण्याची नव्हे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू आढळणे ही जवळजवळ नेहमीची गोष्ट आहे. रुग्णाला ताप नाही, कोणताही नवा त्रास नाही, आणि केवळ अहवालात जंतू दिसले किंवा लघवीला वास आला म्हणून प्रतिजैविक घेऊ नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संसर्गरोग संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही मज्जारज्जूच्या रुग्णांबाबत हेच सांगतात. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण हे अपवाद आहेत. त्यांचा निर्णय डॉक्टर घेतात. विनाकारण घेतलेल्या प्रत्येक औषधागणिक जंतू अधिक निगरगट्ट होतात, आणि खरी गरज पडेल तेव्हा हाताशी औषध उरत नाही. औषध सुरू करावयाचेच असेल तर त्याआधी लघवीचे कल्चर करावे, आणि त्याचा नमुना पिशवीतून न घेता नव्याने बदललेल्या नळीतून घ्यावा.

वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी व रक्ततपासणी करावी, मग प्रकृती कितीही ठीक वाटो. आतला बिघाड बाहेर बोलत नाही, हे मी वर सांगितलेच आहे.

हिशेबाची बाजू

आता मी माझ्या प्रांतात येतो. हिशेबशास्त्रात भांडवली खर्च आणि महसुली खर्च असे दोन प्रकार असतात. इमारत, यंत्र, रुग्णवाहिका हे भांडवली. औषधे, कापूस, वीज, पगार हे महसुली. सर्वच धर्मादाय संस्थांचा अनुभव असा की भांडवली खर्चाला देणगी मिळते. यंत्रावर नावाची पाटी लागते, उद्घाटनाचे छायाचित्र निघते, आणि त्यात वावगे काहीच नाही. अशा पाट्यांवरच आपले रुग्णालय उभे आहे. परंतु लघवीच्या नळीवर कोणाचे नाव लावणार?

साधा गुणाकार करून पाहू. दिवसाला चार वेळा म्हटले तर एका रुग्णाला वर्षाला १,४६० वेळा, आणि सहा वेळा म्हटले तर २,१९० वेळा मूत्राशय रिकामे करावे लागते. एका नळीची किंमत थोडी. पण हा खर्च दररोजचा आहे, आणि तो आयुष्यभराचा आहे. ज्या घरातील कमावता माणूसच खाटेवर आहे, त्या घराच्या पाठीवर हा भार पडतो. तो पेलवत नाही तेव्हा नळ्या कमी होतात, नळ्या कमी झाल्या की ताप येतो, आणि ताप आला की रुग्ण पुन्हा आपल्या खाटेवर येतो. त्या एका भरतीत खाट, तपासण्या, शिरेतून द्यावयाची प्रतिजैविके, नातेवाइकांचा बुडालेला रोजगार, हे सर्व मिळून जो खर्च होतो, त्यातून साध्या नळ्यांचे कित्येक महिने निघाले असते.

आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या व्यवस्थेने असंख्य गरिबांना आधार दिला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. म्हणजे रुग्ण आजारी पडून खाटेवर आला की त्याच्यासाठी दारे उघडतात. तो घरी राहून आजारी पडू नये यासाठी लागणारी नळी मात्र या रचनांच्या काठावरच राहते. ही पोकळी भरून काढणे हे आपल्यासारख्या न्यासाचे काम आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

कुटुंबीयांना येथे एक सूचना करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मिळणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र अवश्य काढून घ्यावे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीतील पाच टक्के भाग दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावयाचा असतो. त्यातील योजनांची चौकशी करावी. अर्ज भरण्यास आमच्या समाजसेवा विभागाची मदत मिळेल.

विश्वस्त मंडळापुढे तीन विनंत्या

पहिली विनंती अशी, की मज्जारज्जूचा कोणताही रुग्ण, त्याने स्वतः किंवा त्याच्या घरच्या दोन माणसांनी परिचारिकेसमोर आपल्या हाताने नळी घालून दाखविल्याशिवाय घरी सोडला जाऊ नये. दोन माणसे एवढ्यासाठी, की एक कामाला गेले वा आजारी पडले तरी दुसरे असावे. याला पैसा लागत नाही. परिचारिकांचा वेळ लागतो, आणि तो वेळ कामाच्या तक्त्यात दाखवावा लागेल.

दुसरी विनंती, अशा प्रत्येक रुग्णाची एक स्वतंत्र नोंदवही असावी. तीत नळी बदलण्याची व वार्षिक तपासणीची तारीख असावी, आणि तारीख चुकली तर आपल्याकडून दूरध्वनी जावा. बँक हप्त्याची आठवण करून देते. रुग्णालयाने मूत्रपिंडाची करून देण्यास हरकत नसावी.

तिसरी विनंती खर्चाची आहे. गरजू रुग्णांना नळ्या व स्वच्छतेचे साहित्य दरमहा घरपोच देण्यासाठी एक स्वतंत्र निधी उभारावा. या प्रस्तावावर चर्चा होताना एका ज्येष्ठ विश्वस्तांनी रास्त शंका काढली की या खर्चाला शेवट नाही; एकदा सुरू केले की थांबता येणार नाही. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच माझी सूचना अशी आहे की मोठ्या संख्येने आरंभ करू नये. निधीची मुदत ठेव करावी आणि तिच्या व्याजात जितके रुग्ण कायम सांभाळता येतील तितकेच घ्यावेत. ठेव वाढेल तशी संख्या वाढवावी. पन्नास जणांना वर्षभर देऊन पुढे हात आखडण्यापेक्षा दहा जणांना आयुष्यभर देणे हे अधिक प्रामाणिक होय. मधेच थांबलेली मदत रुग्णाला पूर्वीहून वाईट स्थितीत सोडते. कारण तोवर त्याने दुसरी सोय शोधणे सोडून दिलेले असते.

देणगीदार बंधू-भगिनींना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्यापैकी कित्येकजण आईवडिलांच्या स्मरणार्थ, मुलांच्या वाढदिवसानिमित्त देणगी देतात. पुढील वेळी एका रुग्णाच्या एका वर्षाच्या नळ्या आपल्या नावे करण्याचा विचार करावा. तिची पाटी भिंतीवर दिसणार नाही. ती दिसेल ती एवढ्यातच, की तो रुग्ण त्या वर्षी आमच्या खाटेवर आला नाही. तो घरी राहिला, मुलांचा अभ्यास घेत राहिला, शिवणयंत्रावर वा मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर बसून चार पैसे मिळवीत राहिला. आमच्या अहवालात अशा न घडलेल्या भरतीसाठी रकाना नाही. तो पुढील वर्षीपासून घालावा, अशी परवानगी मी अध्यक्ष महोदयांकडे मागतो.

रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना शेवटी एकच सांगतो. आपण कोणावर भार आहोत असे मनात आणून तहान मारू नका, नळीची वेळ टाळू नका, आणि विचारण्यास लाजू नका. आमच्या परिचारिकांना हे प्रश्न रोजचेच आहेत. सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत बाह्यरुग्ण विभागात कोणीही येऊन विचारावे. त्यासाठी केसपेपरचे शुल्क आकारले जाणार नाही.